स्टोव्हचं वायसर आणि छर्ऱ्याची बंदूक

बेळगावातल्या जुन्या धंद्यांवर इथे बरंच लिहून आलंय. कल्हईवाले झाले, पिंजारी झाले, छत्र्या दुरुस्त करणारे झाले. एक धंदा मात्र राहून गेला, कारण त्याला कधी पाटीच नव्हती. छर्ऱ्याच्या बंदुका, म्हणजे एअरगन, दुरुस्त करण्याचा धंदा. शहापुरात माझे थोरले मामा तो करायचे. दुकानावरच्या पाटीवर "स्टोव्ह व पेट्रोमॅक्स दुरुस्ती" एवढंच लिहिलेलं होतं. बंदुका मागच्या दाराने यायच्या, त्याही पोत्यात गुंडाळून.

बहुतेक बंदुका फुगेवाल्यांच्या. सौंदत्तीची यल्लम्मा, वडगावची मंगाई आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या जत्रा जवळ आल्या की ही मंडळी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायची. बांबूच्या चौकटीला कापड ताणलेलं, त्यावर ओळीने फुगे, समोर फळीवर दोन बंदुका, हा त्यांचा सगळा संसार. बंदुकीतून फुग्यापर्यंत छर्रा पोचला नाही तर गिऱ्हाईक हसत निघून जायचं आणि त्या दिवशीची चूल थंड. "मामा, दम न्हाई ह्यात," असं म्हणत बंदूक पुढे करायचे. मामा नळी एकदा मोडून बघायचे, पुन्हा मिटवायचे आणि दर वेळी तेच बोलायचे, "बंदूक न्हवं ही. पंप हाय पंप."

ते अगदी खरं आहे. ज्यांनी अशी बंदूक कधी उघडून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. हिच्यात दारू नसते, गॅस नसतो, आधी भरून ठेवलेली हवाही नसते. नळी मध्येच मोडून खाली ओढली की आतला दट्ट्या मागे सरकतो आणि त्याच्या पाठची जाड स्प्रिंग दबते. दट्ट्या मागे अडकून राहतो. चाप ओढला की तो सुटतो, स्प्रिंग त्याला पुढे फेकते, पुढची हवा एका बारीक भोकात कोंबली जाते आणि त्या दाबाने छर्रा नळीतून निघतो. छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. तो सेकंदाला १८० मीटर गेला तर त्याच्यात ८ ज्यूलच्या आसपास ताकद असते. आता स्टोव्हचा पंप आठवा. तिथेही दट्ट्या, तिथेही टोकाला चामड्याचं वाटीसारखं वायसर. हाताच्या जागी स्प्रिंग ढकलते, एवढाच फरक. चामडं सुकलं की स्टोव्हला हवा भरत नाही आणि बंदुकीला दम राहत नाही. म्हणून बंदुका स्टोव्हवाल्याकडे आल्या, ह्यात नवल काहीच नव्हतं.

पण त्या इथवर आल्या कशा, तेही सांगायला हवं. स्प्रिंगवरच्या बंदुका युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कारखान्यांत बनू लागल्या. जर्मनीत राश्टाट गावी १८९० मध्ये मायर आणि ग्रामेलस्पाखर या दोघांनी कारखाना काढला, त्यांची छाप "डायना". इंग्लंडात लिंकन जेफ्रीज नावाच्या बर्मिंगहॅमच्या माणसाने १९०४ मध्ये आपल्या रचनेचं पेटंट घेतलं आणि बी.एस.ए. कंपनीने तशा रायफली काढल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तर गंमतच झाली. राश्टाटच्या कारखान्याची यंत्रं उचलून ब्रिटनमध्ये नेली आणि "डायना" हे नावही तिकडे गेलं. त्यामुळे काही वर्षं स्कॉटलंडात बनलेल्या बंदुकीवर डायना असायचं आणि अस्सल जर्मन डायना ब्रिटनमध्ये "ओरिजिनल" नावाने विकावी लागायची. एका गावची यंत्रं दुसऱ्याच्या हद्दीत आणि नावावरून वाद, हे आम्हा बेळगावकरांना समजावून सांगायची गरज नाही.

डायनाच्या छापावर एक बाई असते. रोमन लोकांची शिकारीची देवी, हातातलं धनुष्य टाकून बंदूक डोक्यावर उंच धरलेली. मामा त्या बंदुकीला "बाई छाप" म्हणायचे. खंडेनवमीला दुकानात हत्यारं मांडली जायची, पान्हे, पकडी, राळ, कातर, आणि एखादी दुरुस्तीची बंदूक असली तर तीही. एका फुगेवाल्याने त्या छापाच्या बाईला हळदकुंकू लावलेलं मी पाहिलंय. मामा हसले नाहीत. नंतर मऊ फडक्याने पुसून थोडं तेल लावलं. कुंकवाने गंज चढतो म्हणाले.

आपल्याकडे साहेबाच्या काळात आणि स्वातंत्र्यानंतरची काही वर्षं परदेशी बंदुका येत होत्या. मग १९५७ च्या सुमाराला देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि आयातीवर कडक बंधनं आली. अन्नधान्य आणि यंत्रसामग्री आणायची मारामार, तिथे हौसेच्या बंदुकीची स्प्रिंग कोण आणणार? घरोघरच्या डायना आणि बी.एस.ए. तशाच राहिल्या, सुटे भाग बंद झाले. पुढे देशी बंदुका निघाल्या. वालचंद हिराचंदांनी, म्हणजे आपल्या सोलापूरच्या वालचंदांनी, १९२६ मध्ये काढलेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीने पुढे एअर रायफलीही केल्या. सिमेंटचे पाइप करणाऱ्यांनी बंदुका कराव्यात हे ऐकायला विचित्र वाटतं, पण डायना ३५ च्या धर्तीवरची त्यांची ३५ नंबरची बंदूक पुष्कळांनी वापरली. फुगेवाल्यांकडे देशीच जास्त असायच्या. जुनी जर्मन बंदूक असायची ती टिळकवाडीतल्या नाहीतर कॅम्पातल्या एखाद्या बंगल्यातून कुणी तरी काढून टाकलेली.

तर सुटे भाग मिळत नाहीत, आणि बंदूक चालली पाहिजे. ह्या दोन गोष्टींच्या मधे आमचं गाव उभं राहिलं.

चामडं अथणीचं. तिथले चर्मकार कारागीर बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं वापरतात, ज्याच्या चपलांना जग कोल्हापुरी म्हणतं. (२०१९ मध्ये त्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. बेळगाव त्यात आहे. दोन्ही राज्यांचं एकमत झालेल्या गोष्टी मोजायला बसलं तर ही चप्पल वरच्या नंबरात येईल.) बंदुकीच्या वायसराला हेच कातडं लागतं, कारखान्यातलं क्रोमचं मऊ कातडं चालत नाही. सालीत कमावलेलं कातडं पाण्यात भिजवून साच्यात दाबलं की वाटीचा आकार धरतं आणि वाळल्यावर सोडत नाही. क्रोमचं कातडं साच्यातून काढलं की पुन्हा सपाट. मामांना हे कुणी शिकवलं नव्हतं. अथणीहून बाजाराला येणारे एक जण तळाच्या कातड्याची कात्रणं आणून द्यायचे आणि बदल्यात घरचा स्टोव्ह फुकट दुरुस्त करून न्यायचे.

साचे उद्यमबागेतल्या लेथवर कातलेले. एक कडं आणि त्यात बसणारा गोल ठोकळा, मधे चामड्याच्या जाडीएवढी फट. भिजलेला तुकडा कड्यावर ठेवून ठोकळा व्हाइसमध्ये हळूहळू आवळायचा, दोन दिवस सावलीत ठेवायचा, मग काठ धारदार रापीने कापायचे. उन्हात ठेवलं तर चिरतं. डायना २७ ला लागणारी वाटी जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी, ३५ ची त्याहून मोठी. ती दट्ट्याच्या तोंडाला स्क्रूने बसते, आणि स्क्रूचं डोकं चामड्याच्या आत दडलेलं पाहिजे. वर राहिलं तर प्रत्येक बाराला लोखंडावर लोखंड आपटणार.

तेलाचा प्रश्न स्वतंत्र, आणि त्यावर दुकानाच्या पायरीवर वाद व्हायचे. खोबरेल बेळगावच्या थंडीत थिजतं. गोडेतेल काही महिन्यांनी चिकट होतं. शिवणयंत्राचं तेल चामड्यात टिकत नाही. मामा एरंडेल वापरायचे, तेही वाटी रात्रभर त्यात मुरवून, नंतर फडक्याने निपटून. ओलं तेल पुढे राहिलं की काय होतं ते जत्रेत सगळ्यांनी ऐकलेलं आहे. दट्ट्या इतक्या झपाट्याने पुढे येतो की दाबलेली हवा क्षणभर भयंकर तापते, तेल पेट घेतं, "फट्"च्या जागी "धाड" होतं आणि नळीतून धूर निघतो. डिझेल इंजिन चालतं तेच हे. पोरं खूष, फुगेवालाही खूष, कारण आवाजाने गर्दी जमते. काही जण तर मुद्दाम तेलाचे थेंब सोडायचे. अशा बंदुकीची स्प्रिंग वर्ष काढत नाही, चामडं जळून काळं पडतं. मामा तशी बंदूक हुंगूनच ओळखायचे आणि दुरुस्तीचे पैसे आधी मागायचे.

स्प्रिंगचं काम उद्यमबागेतच. सुमारे तीन मिलिमीटरची ताणाची तार गजावर गुंडाळायची, टोकं मिटवून सपाट घासायची, मग मंद आचेवर भाजून तारेतला ताण मारायचा. नवी स्प्रिंग मामा आधी रात्रभर पूर्ण दाबून ठेवायचे. पहिल्यांदा ती थोडी बसते, आणि एकदा बसायची ती बसली की मग स्थिर राहते. फुगेवाल्यांना नेहमी वाटायचं, जाड स्प्रिंग घाला म्हणजे जोर येईल. मामा ऐकायचे नाहीत. माझंही आता तेच मत आहे. ही बंदूक बार निघताना आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी हिसका देते, तोही छर्रा नळीत असतानाच. स्प्रिंग जितकी जबर तितका हिसका मोठा, आणि नेम तितका फुटका. घरी बंदूक चांगली करणं म्हणजे जोर वाढवणं नसतं. दट्ट्या न घासता सरकला पाहिजे, स्प्रिंग वाकडी होऊन कण्हायला नको, हवा सांध्यातून पळायला नको. त्या पळणाऱ्या हवेसाठी मामा नळीच्या सांध्यावर पतंगाच्या कागदाचा तुकडा ठेवून बार काढायचे. कागद उडाला की तिथलं छोटं चामडी वायसर बदलायचं.

ह्याच हिशेबाने जत्रेतल्या एका जुन्या तक्रारीबद्दल बोलते. "फुगेवाले मुद्दाम माशी वाकडी करून ठेवतात" हे आपण सगळे म्हणत आलो. असतीलही तसे कोणी. पण मामांकडे येणाऱ्या बंदुकांची माशी सरळ आणि नळी वाकडी असायची. कारण असं की गर्दीत एखादा पोरगा नळी मोडलेली असतानाच चाप ओढतो. स्प्रिंग सुटते, नळी फाडकन वर येऊन आदळते आणि सांध्यापाशी वरच्या बाजूला वाकते. अशी बंदूक फुग्याच्या डोक्यावरून छर्रे मारते. मामा दोन लाकडी ठोकळ्यांवर नळी ठेवून, तिसरा वर ठेवून, थोडी थोडी दाबून सरळ करायचे आणि दर वेळी तिच्यातून उजेडाकडे बघायचे. दुसरं कारण गिऱ्हाईकाचंच. माणूस बंदूक जिवाच्या आकांताने आवळतो. हिला सैल धरावं लागतं, तिचा हिसका तिला खाऊ द्यावा लागतो. फुगेवाल्याची दहा वर्षांची पोर एका हाताने टपाटप फुगे फोडायची त्यात जादू नव्हती.

माझं काम बोटांचं. डायना २७ चा चाप जर्मन डोक्याचा आहे. दट्ट्याच्या मागच्या दांड्याला तीन पोलादी छर्रे तीन बाजूंनी धरून ठेवतात. बाहेरचं कडं सरकलं की ते बाजूला होतात आणि दट्ट्या सुटतो. जोडताना हे तीन छर्रे त्यांच्या भोकांत ग्रीसने चिकटवावे लागतात, नाहीतर घरंगळून फरशीवर आणि तिथून गटारात. मामांची बोटं जाड, म्हणून हाक यायची, "ये गं पोरी, हात धुऊन ये." मी सातवी-आठवीत असेन. हरवलेला छर्रा सायकलच्या दुकानात त्याच मापाचा मिळायचा, आणि दुकानदार विचारायचा, "बंदुकीचा की सायकलचा?" शब्द एकच ना. मामांनी मला एक गोष्ट मात्र कधी करू दिली नाही, ती म्हणजे बंदूक उघडणं. बंदूक ताणलेली नसली तरी आतली स्प्रिंग थोडी दबलेलीच असते. मागचा ठोकळा नुसता हाताने सोडवला तर तो छातीवर येतो. सुताराच्या लांब शिकंज्यात पूर्ण बंदूक धरून, खिळा काढून, पेच हळूहळू सैल करत ती उघडायची. आज घरी हे करणाऱ्यांनीही शिकंज्याशिवाय हात लावू नये.

ह्या बंदुकांनी पाखरंही पुष्कळ मारली, हे लपवण्यात अर्थ नाही. होले, पारवे, पेरूच्या बागेतले पोपट. तेव्हाच्या घरांत त्याचं कौतुक व्हायचं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तरी आमच्याकडे त्याची जाण यायला बराच काळ गेला. मामा शिकारीच्या बंदुका घ्यायचे, पण त्या शेवटी घ्यायचे. फुगेवाल्याची आधी, कारण तिच्यावर पोट होतं. कायद्याचं दुसरं टोकही सांगून ठेवते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७ पर्यंतची, म्हणजे साडेचार मिलिमीटरची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असेल तर परवाना लागत नाही. माळ्यावर सापडलेली आजोबांची बंदूक .२२ ची असेल तर तिला स्प्रिंग घालण्याआधी रीतसर चौकशी करा.

धंदा संपला तो बंदुकांमुळे नाही. गॅस आला. शहापुरात एकेका वाड्यात सिलिंडर चढले तसतसे स्टोव्ह माळ्यावर गेले. वायसर, पिन, बर्नर कोण घेणार? ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मामांचं दुकान वर्षातले दहा महिने जवळजवळ रिकामं असायचं, आणि जत्रेचे दोन महिने त्या फुगेवाल्यांवर चालायचं. मामी म्हणायची, आधी आपण त्यांचं पोट भरत होतो, आता ते आपलं भरतात. मामांना हे वाक्य आवडायचं नाही, पण खोडूनही काढता यायचं नाही. एका वर्षी पैशाची फार ओढ होती तेव्हा त्यांनी स्वतःची डायना २७ विकायला काढली. घ्यायला एक फुगेवालाच आला. त्याने पैसे दिले, आणि बंदूक "पुढच्या जत्रेला नेतो" म्हणून तिथेच ठेवली. पुढच्या जत्रेला तो दुसरी दुरुस्त करून घेऊन गेला, ही तशीच. मामांनी तीन वर्षांत पैसे फेडले. दोघांमध्ये ह्यावर एक शब्द झाल्याचं मला आठवत नाही.

मामा गेल्यावर वाडा पाडला, तेव्हा भावंडांनी पितळी स्टोव्ह वाटून घेतले. शोभेला बरे दिसतात. बंदूक आणि पत्र्याची पेटी कुणाला नको होती, ती मी आणली. बंदूक पंचवीस वर्षं उघडलेली नव्हती. चामडं पापडासारखं मोडलं. स्प्रिंग एका बाजूला कलंडलेली, आतल्या तेलाची वार्निशासारखी पुटं. घासलेट, ब्रश, जुनी सुती साडी, असे तीन दिवस गेले. गंज मी बारीक लोखंडी लोकरीने आणि तेलाने काढला, मूळ निळसर झाक जिथे उरली होती तिथे हात लावला नाही. दस्त्याला जवसाच्या तेलाचे पातळ हात. कातडं अथणीहूनच मागवलं, आता फोन करून. पेटीतल्या २७ नंबरच्या साच्यात दाबलं, दोन दिवस सावलीत. तीन छर्रे बसवताना चष्मा लावावा लागला आणि शेजारच्या मुलीची बोटं उसनी घ्यावी लागली. स्प्रिंग उद्यमबागेत करून घेतली. तिथल्या तरुण मालकाने आधी नकार दिला, मग मामांचं नाव काढल्यावर त्याच्या वडिलांना आतून बोलावलं. पैसे घेतले, पण जुनी स्प्रिंग ठेवून घेतली.

गच्चीवर दहा पावलांवर पुठ्ठ्याची पेटी, मागे वाळूचं पोतं. पहिल्या दोन बारांना थोडा धूर आला, एरंडेल जरा जास्त मुरलं होतं. मग आवाज बसला. पाच छर्रे एका बिस्किटाएवढ्या जागेत. बरं आहे.

आता ज्या कारणासाठी लिहायला बसले ते. मामांच्या पेटीत एकूण सहा साचे आहेत. प्रत्येकावर त्यांनी पंचने खूण ठोकलीय. २५, २७, ३५ कळतात. "स" म्हणजे सायकलपंप, "स्टो" म्हणजे स्टोव्ह. सहाव्यावर "म" आहे, आणि तो ह्या कशातच बसत नाही. २७ पेक्षा मोठा, ३५ पेक्षा किंचित लहान, आणि सगळ्यांत जास्त झिजलेला, म्हणजे त्यातून पुष्कळ वाट्या निघाल्यात. मंगाईच्या जत्रेत वर्षानुवर्षं येणाऱ्या कुणा एकाच फुगेवाल्याच्या बंदुकीचा असावा असा माझा कयास आहे. वडगाव, अनगोळ, येळ्ळूर भागात कुणाच्या घरी तो धंदा होता का? बंदूक अजून असेल, चालत नसेल, तर उघडू नका, भंगारात देऊ नका. मला कळवा. साचा तयार आहे, कातड्याचे दोन तुकडेही उरलेत.